दुसऱ्या गिअरची दप्तरदिरंगाई

मनुष्यप्राण्याने आळसापायी जेवढे बुद्धिवैभव खर्ची घातले आहे, तेवढे त्याने उद्योगाच्या प्रीतीने खचितच घातले नसेल, असे माझे दीर्घ सरकारी नोकरीअंती बनलेले मत आहे. आणि या मताला पुरावा म्हणून कोणी कागद मागितलाच, तर मी मोटारीच्या स्वयंचलित गिअरबॉक्सकडे बोट दाखवीन. पायाने क्लच दाबावा, हाताने दांडा ओढावा आणि क्लच हलकेच सोडून द्यावा, एवढाच काय तो उद्योग. परंतु तोही टळावा म्हणून या दुनियेतील विद्वानांनी केवढा उपद्व्याप करून ठेवला आहे! १९०५ साली हेर्मान फॉटिंगर नामक जर्मन अभियंत्याने द्रवाच्या प्रवाहातून इंजिनाची शक्ती पलीकडे पोहोचविणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळविले, ते आगबोटींच्या सोयीसाठी; मोटार हाकणाऱ्याच्या डाव्या पायाला विसावा द्यावा, हा त्या भल्या गृहस्थाचा हेतू नव्हता. पुढे १९४० च्या मॉडेलांत अमेरिकेतील ओल्ड्समोबाइल मोटारींना 'हायड्रामॅटिक' नावाचा गिअरबॉक्स मिळाला आणि क्लचचे पेडल गाडीतून हद्दपार झाले. हाच गिअरबॉक्स दुसऱ्या महायुद्धात एम-५ जातीच्या हलक्या रणगाड्यांत बसविण्यात आला, यावरून समोर प्रत्यक्ष शत्रू उभा असतानाही मनुष्याला गिअर बदलण्याचा कंटाळा येतो, ही गोष्ट निर्विवादपणे शाबीत होते.

हा कंटाळा इतरत्र कदाचित दोषास्पद ठरेल. भिवंडीत मात्र तो सर्वस्वी समर्थनीय आहे. ज्याने अंजूरफाट्यापासून कल्याण नाक्यापर्यंतचा रस्ता दिवेलागणीच्या सुमारास काटला आहे, त्याला याची फोड करून सांगावयास नको. कामवारी नदीच्या काठचे हे आमचे जुने गाव. एके काळी येथे खाडीतून गलबते येत. पुढे यंत्रमागांचा खडखडाट आला. आणि आता काल्हेर, पूर्णा, राहनाळ, माणकोली या शिवारांत, जेथे मी उमेदीच्या काळात भातपिकाची पाहणी केली, तेथे गोदामे उभी राहिली असून साऱ्या देशाने मागविलेला माल प्रथम आमच्या रस्त्यात येऊन अडकतो आणि मगच ज्याच्या त्याच्या घरी रवाना होतो. पुढे कंटेनर, मागे ट्रेलर, डावीकडे कापडाच्या ताग्यांनी लादलेला टेम्पो आणि उजवीकडे, जेथे कोणीही असू नये तेथे, रिक्षा, अशा चतु:सीमेत सापडलेला मनुष्य वीतभर पुढे सरकण्यासाठी क्लच दाबतो, सोडतो, पुन्हा दाबतो. या व्यायामाने माझा डावा गुडघा कामातून गेला. डॉक्टरांनी क्ष-किरणांचे चित्र उजेडासमोर धरून गंभीर मुद्रेने सांगितले, की या गुडघ्याला आता निवृत्तिवेतन सुरू करावे.

याच सुमारास मुलुंडच्या माझ्या मावसबंधूंनी आपली जुनी मोटार मला देऊ केली. हे बंधू आयुष्यभर नैरोबीस होते आणि १९८४ साली कायमचे स्वदेशी परतताना त्यांनी ही जपानी बनावटीची मोटार जहाजातून आणली होती. आता मुलाकडे परदेशी कायमचे जावयाचे, तर गाडीची व्यवस्था लावणे प्राप्त होते. "बाबा रे, हिला क्लचच नाही. तुझ्या गुडघ्यासाठीच ही जन्माला आली आहे," असे ते म्हणाले. तिच्या दांड्याशेजारी पी, आर, एन, डी, दोन आणि एल अशी सहा ठाणी होती; पंधरा वर्षांची मुदत केव्हाच उलटल्यामुळे दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण, तपासणी आणि पर्यावरण कर हे विधी लागू होते; परंतु आयुष्यभर दाखले देण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला दाखले काढण्याची भीती काय वाटणार? मी गाडी ताब्यात घेतली आणि काही महिने माझा डावा पाय पाटावर बसविलेल्या जावयासारखा निरुद्योगी आणि प्रसन्न राहिला.

मग दोन तक्रारी उद्भवल्या. पहिली अशी, की सकाळी इंजिन चालू करून दांडा 'डी' या ठाण्यावर आणला, तर गाडी जणू काही ऐकलेच नाही अशा थाटात स्तब्ध राहावयाची आणि आपण आशा सोडून देण्याच्या बेतात असताना एकदम धपकन पुढे झेपावयाची. दुसरी तक्रार अधिक गंभीर होती. हलक्या पायाने चालविले असता ताशी २० किलोमीटरच्या आसपास दुसरा गिअर आपोआप पडावा, हा या गाडीचा मूळचा रिवाज; तो मोडून ती आता ४० च्या पुढे गेल्यावाचून पहिला गिअर सोडीना, आणि सोडी तेव्हा असा काही हिसका देई, की मागे बसलेल्या माणसाचा चश्मा कपाळावर जावा. आता भिवंडीच्या भर वस्तीत ४० चा वेग गाठणे म्हणजे काय, हे जाणकारांस विदित आहेच. परिणाम असा झाला, की अंजूरफाट्यापासून घरापर्यंतची सारी वाटचाल पहिल्या गिअरमध्येच, इंजिनाच्या आर्त किंकाळ्यांच्या साथीवर होऊ लागली आणि आम्ही येत असल्याची वर्दी गल्लीला आमच्या आधी पोहोचू लागली.

वर्दी पोहोचल्यावर सल्ले येणे ओघानेच आले. या निमित्ताने मला एका सिद्धान्ताचे दर्शन घडले, तो असा, की प्रत्येक मनुष्य दुसऱ्याच्या रोगाचे निदान आपल्या स्वतःच्या धंद्यातून करीत असतो. माणकोली नाक्यापाशी ट्रेलर दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीने इंजिनाचा आवाज डोळे मिटून ऐकला आणि निकाल दिला, "क्लचप्लेट गेली साहेब. प्रेशरप्लेटसकट टाकू." मी विनयाने निवेदन केले, की या गाडीला क्लचचे पेडलच नाही. त्याने वाकून पायांखाली पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि उठून माझ्याकडे अत्यंत करुणेने बघत म्हणाला, "पेडलपण गेलंय की! मग खर्च वाढेल."

आमच्या शेजारी मागांचा कारखाना असलेले एक वयोवृद्ध गृहस्थ राहतात. त्यांना सारी आळी चाचा म्हणते. चाचांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालून सांगितले, की पट्टा सैल झाला आहे. मोटर फिरते, पण माग उचलत नाही, तेव्हा दुसरे काय असणार? पट्टा असा या गाडीच्या गिअरला नाहीच, असे कळल्यावर त्यांनी क्षणभरही न अडखळता व्होल्टेज कमी येत असल्याचा पर्याय सुचविला. पुण्याला संगणकाच्या कंपनीत असलेल्या माझ्या चिरंजीवाने दूरध्वनीवरून आज्ञा केली, "बाबा, बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून ठेवा. सगळं रीसेट होईल." ज्या गाडीत संगणकाचा लवलेश नाही तिच्यात रीसेट होणार काय, असे मी विचारले, तर तो म्हणाला, "करून तर बघा." मी करून पाहिले. घड्याळ मात्र रीसेट झाले. आमचे मेहुणे भूखंडांच्या खरेदी-विक्रीत असतात, त्यांचे निदान एका शब्दाचे होते: "विका!"

ठाण्याच्या एका मोठ्या, वातानुकूलित दुरुस्तीगृहातही मी गाडी दाखविली. तेथे कॉफी उत्तम मिळाली. हातात पाटीएवढे यंत्र घेतलेला एक सुविद्य तरुण त्या यंत्राची वायर खोवावयास गाडीत जागा शोधू लागला. ती त्याने डॅशबोर्डाखाली शोधली, आसनाखाली शोधली, अखेरीस बॉनेट उघडून शोधली, आणि गाडी आपले दुखणे यंत्राला सांगूच शकत नाही असे आढळून आल्यावर त्याने तिच्याशी बोलणे सोडून दिले. नंतर मला एक अंदाजपत्रक देण्यात आले. त्यात संपूर्ण गिअरबॉक्स बदलावा, अशी शिफारस असून रक्कम गाडीच्या किमतीच्या दुपटीहून अधिक होती. आणि खाली बारीक अक्षरांत तो गिअरबॉक्स आता कोठेही मिळत नाही, असा शेरा होता. माझ्या साऱ्या सेवाकाळात अशी निर्दोष नस्ती मी पाहिली नव्हती.

या सर्वांहून हृद्य प्रसंग वंजारपट्टी नाक्यावर गुदरला. भर दुपारी, भर चौकात, इंजिन बंद पडले. भिवंडीत बंद पडलेली गाडी ही सार्वजनिक मालमत्ता समजण्याची वहिवाट आहे. मी दांड्याला हात घालतो न घालतो तोच हमाल, रिक्षावाले, एक पानवाला आणि शाळेतून परतणारी मुले अशी मंडळी जमली आणि कोणाचा हुकूम नसताना गाडीला खांदे लागले. आता स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये तेलाला दाब देणारा पंप इंजिनाच्या फिरण्यावर चालतो. इंजिन थांबले, की पंप थांबला, दाब गेला, आणि चाके कितीही फिरविली तरी त्यांची खबर इंजिनापर्यंत पोहोचत नाही. म्हणून असली गाडी धक्क्याने सुरू होत नाही. हे शास्त्र मी खिडकीतून मान बाहेर काढून तारस्वरात सांगत होतो. त्यावर मागच्या बाजूने एका धष्टपुष्ट हमालाचा आश्वासक आवाज आला, "साहेब, तुम्ही फकस्त दुसऱ्या गिअरमध्ये टाका, बाकी आम्ही बघतो!"

दुसरा गिअर असा मागताक्षणी मिळत असता, तर मी त्यांच्याकडे गाडी ढकलवून घेतली असती की मिरवली असती, हा प्रश्न मी गिळून टाकला. दांडा 'पी' किंवा 'एन'वर आणल्याखेरीज असली गाडी चावीला दाद देत नाही. तेवढे मी केले, चावी फिरविली आणि इंजिन चालू झाले. चौकात एकच जल्लोष उसळला. गाडी आपल्या धक्क्यानेच सुरू झाली, याविषयी कोणाच्याही मनात तिळमात्र संदेह नव्हता, आणि सर्वांना चहा पाजताना मलाही तो बोलून दाखविण्याचे धैर्य झाले नाही.

अखेर निजामपुऱ्याकडच्या एका उस्तादांचा पत्ता मिळाला. हे भिवंडीच्या जुन्या कोकणी मुसलमान घराण्यातले. तरुणपण कुवेतच्या गॅरेजांत अवाढव्य अमेरिकन गाड्यांच्या पोटाखाली गेलेले. तेथे बहुतेक गाड्यांना क्लच नसतो, त्यामुळे ज्या यंत्रापुढे आमच्या गावातील शहाणे हात टेकीत होते, ते उस्तादांच्या नित्य परिचयाचे होते. त्यांचे गॅरेज म्हणजे चिंचेखालची दहा फूट जागा. गाडी पाहताच त्यांनी बॉनेट उघडले नाही, कान लावला नाही, अभिप्राय दिला नाही. मला म्हणाले, "भाऊसाहेब, आधी सांगा, कोणी उघडला तर नाही ना गिअरबॉक्स?" मी नाही म्हणताच त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरले. "मग निम्मं काम झालं. उघडलेला गिअरबॉक्स आणि उघडलेली चौकशी, दोन्ही लवकर मिटत नाहीत."

माझा जन्म चौकशांत गेलेला. या वाक्यावर मी त्यांचा शिष्य झालो.

त्यांची रीत मला मनापासून पटली, कारण तिचे मूळ सूत्र कोणत्याही चांगल्या तपासाचे होते: संशय घ्यावयाचा तो स्वस्तातल्या वस्तूपासून महागड्या वस्तूपर्यंत, या क्रमाने घ्यावा. सर्वांत स्वस्त वस्तू तेल. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन पुरते तापवून, ते चालूच ठेवून, दांडा सहाही ठाण्यांवरून एकदा सावकाश फिरवून 'पी'वर आणावयाचा आणि मग गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी बाहेर ओढावयाची. ती पुसून पुन्हा घालावयाची आणि पुन्हा ओढून तेलाची रेघ कोठवर आली ते वाचावयाचे. थंड्या गाडीवर घेतलेले माप म्हणजे उपाशी साक्षीदाराचा जबाब. त्यावर विसंबून चालत नाही.

परंतु पट्टी पुसावयाच्या वेळी एक अकल्पित अडचण उभी राहिली. या पेटीतले झडपांचे मार्ग इतके चिंचोळे असतात, की कापडाचे चिमूटभर तूस आत गेले, तरी एखादी झडप जागच्या जागी अडकावी. म्हणून उस्तादांना बिनतुसाचे कापड हवे होते. त्यांच्या पोत्यातल्या बनियनच्या चिंध्या त्यांनीच नापसंत केल्या. मी माझा हातरुमाल पुढे केला. त्यांनी तो उजेडात धरून दोन बोटांत चोळला आणि बोटांना लागलेली कापसाची लव मला दाखवून अदबीने परत केला. ज्या गावच्या मागांवर अहोरात्र कापड विणले जाते, त्या गावात वीतभर स्वच्छ चिंधी मिळू नये, याचा मला खरोखर विषाद वाटला. तेव्हा आमच्याबरोबर केवळ गंमत पाहावयास आलेले चाचा पुढे सरसावले. त्यांनी आपल्या पिशवीतून त्यांच्याच मागावर विणलेल्या पॉलिएस्टरच्या ग्रे कापडाचा नमुना काढला. उस्तादांनी तो चोळला, फुंकला, पुन्हा चोळला आणि मान डोलावली. चाचांच्या मुखावर त्या क्षणी जे तेज चढले, ते कोणा मोठ्या व्यापाऱ्याने हजार ताग्यांची मागणी नोंदवूनही चढले नसते.

तेल खालच्या खुणेच्याही खाली होते. त्याचा एक थेंब उस्तादांनी मी दिलेल्या कोऱ्या कागदावर सोडला आणि आम्ही तिघे, पत्रिका मांडून बसलेल्या मंडळींप्रमाणे, त्या थेंबावर ओणवे झालो. त्यांच्या सांगण्याचा सारांश असा: हे तेल मुळात रंग घालून तांबडे केलेले असते. तांबडे राहिले तर कुशल समजावे. तपकिरी झाले तर वय झाले. काळे होऊन जळका वास येऊ लागला, तर आतल्या क्लचच्या चकत्या जळाल्या असे धरून चालावे. आणि दुधाळ गुलाबी दिसले, तर रेडिएटरमधले पाणी तेलात शिरले असे ओळखावे, कारण हे तेल निववण्यासाठी रेडिएटरमधूनच फिरवून आणलेले असते. आमचा थेंब तपकिरी निघाला. त्याला वास नव्हता. उस्ताद म्हणाले, "म्हातारपण आहे, आजार नाही." रेडिएटरकडे जाणारी रबरी नळी तडकलेली सापडली; तेथून तेल थेंबाथेंबाने गळत होते. तेल कमी, म्हणून सकाळी दाब भरावयास वेळ लागत असे, आणि म्हणूनच गाडी 'डी'चा हुकूम ऐकूनही खोळंबत असे. नळी बदलली, तेल भरले. तेही दुकानदार आग्रहाने देऊ पाहत असलेले नव्वद नंबरचे दाट गिअर ऑइल नव्हे, तर याच कामाचे पातळ तांबडे. पहिली तक्रार निकालात निघाली.

दुसऱ्या तक्रारीचे मूळ समजून घेताना मात्र मला आयुष्यात प्रथमच असे वाटले, की यंत्रशास्त्र हे आमच्याच खात्याचे एखादे पोटकलम असावे. या जुन्या गिअरबॉक्समध्ये संगणक नाही, वीज नाही. जे काही आहे ते तेलाच्या दाबाने चालणारे एक कचेरीचे कामकाज आहे. चाकांकडे जाणाऱ्या दांड्यावर गव्हर्नर नावाचा एक फिरता भाग बसविलेला असतो. गाडी वेग घेऊ लागली, की त्याची वजने बाहेर फेकली जातात आणि तो वाढत्या दाबाने फिर्याद दाखल करतो, की वेग पुरेसा झाला आहे, सबब वरचा गिअर मंजूर व्हावा. दुसऱ्या बाजूने ॲक्सिलरेटरला जोडलेली एक केबल असते. पाय जितका खाली जाईल तितकी ती ओढली जाते आणि प्रतिवादी या नात्याने उलट दाब उभा करते, की गाडीवर ओझे आहे, चढ आहे, सबब मंजुरी तहकूब ठेवावी. या दोघांच्या मधोमध, बोटभर पोकळीत, एक छोटी सरकती झडप बसलेली असते. तीच मामलेदार. तिला स्वतःचे मत नाही, रागलोभ नाही. ज्या बाजूचा दाब अधिक, त्या बाजूला ती सरकते आणि तेलाचा हुकूम आतल्या चकत्यांना सुटतो. इतका निःपक्षपाती मामलेदार मी माझ्या नोकरीत पाहिला नाही. मात्र दाबाचे महत्त्व त्यालाही चुकले नाही, हे पाहून मला ओळखीचे वाटले.

आमच्या गाडीत कोणा अज्ञात इसमाने कधी काळी कार्ब्युरेटर साफ करताना ही केबल नको तेवढी ताणून बसविली होती. त्यामुळे पाय नुसता टेकविला, तरी प्रतिवादीची बाजू पूर्ण जोराने मांडली जाई, आणि गव्हर्नर बिचारा दुप्पट वेग गोळा करून आणीपर्यंत दुसऱ्या गिअरचे प्रकरण पडून राही; दाब वाढलेला, म्हणून मंजुरी मिळे तीही हिसक्यासकट. उस्तादांनी बजावले, की याच्या उलट केबल सैल ठेवणे अधिक वाईट: मग गिअर लवकर आणि लोण्यासारखे पडतात, मालक खूष होतो, आणि कमी दाबामुळे आतल्या चकत्या घसरून घसरून जळून जातात. गुळगुळीत कामकाज हे नेहमीच सचोटीचे लक्षण नसते, हा धडा मी तेथल्या तेथे टिपून घेतला.

केबल लावण्याच्या कामी उस्तादांना एक माणूस कमी पडत होता. इंजिन बंद ठेवून कोणी तरी ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरावयास हवा होता. चाचा केबलवर उजेड पाडण्यासाठी विजेरी धरून होते, मी उत्सुकता धरून होतो. तेव्हा ही कामगिरी बाकावर भाजी निवडीत बसलेल्या आमच्या सौभाग्यवतींकडे आली. "वहिनी, पुरता दाबा," उस्ताद म्हणाले. तिने दाबला. "अजून." आणखी दाबला. आयुष्यात प्रथमच तिला गाडीत वेगाचे यंत्र दाबण्याचा प्रत्यक्ष आदेश मिळत होता आणि मी "हळू" म्हणू शकत नव्हतो. इकडे केबलवर एक बारीक मणी ठोकलेला दिसत होता. पाय तळाला टेकला असता तो मणी आवरणाच्या तोंडाशी येऊन ठेपावा, मध्ये फार तर मिलिमीटरभर फट असावी, असा कायदा. आमचा मणी चांगला नखभर बाहेर आला होता. उस्तादांनी दोन नट सैल केले, आवरण सरकविले, मणी जागेवर आला, नट कसले. गाडीच्या दुप्पट किमतीचा रोग पान्याच्या चार फिरक्यांत बरा झाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे, रस्ता जरा मोकळा असताना, आम्ही नाशिक महामार्गाने पडघ्याच्या दिशेने निघालो. २० च्या आसपास दुसरा गिअर पडला. ४० च्या सुमारास तिसरा. हिसका नाही, किंकाळी नाही. उस्तादांनी मजुरी सांगितली, ती इतकी अल्प होती, की ती देताना मलाच ओशाळल्यासारखे झाले.

आता एवढ्यावर सर्व संबंधितांचे समाधान व्हावे की नाही? परंतु निदान मागे घेणे हे मनुष्यस्वभावात बसत नाही. चाचांच्या मते गाडी त्यांच्या कापडाने बरी झाली आणि या म्हणण्याला काही आधार आहे, हे मला मान्य करावे लागते. चिरंजीवाच्या मते बॅटरीच्या वायरीचा परिणाम उशिरा दिसून आला. माणकोलीचा मिस्त्री भेटला, की सहानुभूतीने विचारतो, "पेडल टाकलं का शेवटी?" आणि मेहुणे म्हणतात, "आता बरी चालते आहे ना? मग विका!"

शिवाय एक नवीच उपाधी जडली. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओतून एएमटी नावाचा स्वस्त प्रकार आला, तेव्हापासून क्लच नसलेल्या गाड्या आमच्याही गल्लीबोळांत झाल्या आहेत आणि त्यांचे मालक मला तज्ज्ञ समजून दारात येतात. कोर्टातले एक वकील परवा आले. त्यांची नवी गाडी गिअर बदलताना डुलकी घेते. मी त्यांना सांगितले, की तुमच्या गाडीत गव्हर्नर, मामलेदार वगैरे काही नाही. साधाच गिअरबॉक्स आहे, फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम माणसाऐवजी यंत्र करते. तेव्हा गिअर बदलण्याच्या वेळी पाय किंचित हलका करा, डुलकी जाईल. वकीलसाहेबांचा चेहरा उतरला. फीशिवाय मिळालेल्या सल्ल्याची किंमत त्यांना धंद्यामुळे ठाऊक आहे. ते तडक ठाण्याला गेले आणि सुंदर अंदाजपत्रक घेऊन, समाधानाने परत आले.

माझी स्वतःची अवस्था मात्र चमत्कारिक झाली आहे. गिअरचा विचार करावा लागू नये म्हणून मी ही गाडी घेतली आणि आता मी गिअरखेरीज कशाचाच विचार करीत नाही. पूर्वी गिअर टाकताना हाताला जे आपोआप कळे, ते आता कानाने टिपावे लागते. दुसरा पडला का, वेळेवर पडला का, तिसऱ्याने कुरकुर केली का, याकडे माझे एवढे लक्ष असते, की एसटीने प्रवास करीत असतानाही चालकाने गिअर उशिरा बदलला, तर मी आसनावर अस्वस्थ होतो. गुडघा सुटला, पण कानाला जन्मठेप लागली.

गेल्या खेपेस नाशिकहून परतताना हे प्रकर्षाने जाणवले. २०२५ पासून समृद्धी महामार्ग इगतपुरीहून आमच्याच तालुक्यातल्या आमणे येथे येऊन टेकला आहे. परंतु तेथल्या वेगाचा या वयोवृद्ध गाडीला सोस नाही, म्हणून आम्ही जुन्या कसारा घाटाने उतरत होतो. मी दांडा 'डी'वरून 'दोन'वर घेतला आणि सौभाग्यवतींना समजावून सांगू लागलो, की उतारावर 'डी' ठेवली, तर ॲक्सिलरेटरवर पाय नसल्याने प्रतिवादीचे म्हणणेच राहत नाही, गव्हर्नरचा एकतर्फी निकाल लागून वरचा गिअर पडतो, इंजिन गाडीला आवरून धरीत नाही आणि सारा भार ब्रेकवर येतो. तेव्हा 'दोन' हे ठाणे म्हणजे मनाई हुकूमच समज. घाटाचे निम्मे वळसे संपेपर्यंत मी हे विवेचन केले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले, डबा उघडून माझ्या हातावर एक वडी ठेवली आणि म्हणाली, "अहो, क्लचची गाडी होती तेव्हा हातापायांना काम असायचं, म्हणून तोंड तरी बंद असायचं."